सावली ट्रॅक्टरबरोबरच यायला हवी

मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत आकडा छापून येतो. तो आकडा सावलीतला असतो, हे फारसे कुणी लक्षात घेत नाही. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर ठेवलेला असतो. त्यावर ऊन पडू द्यायचे नाही आणि वारा खेळता ठेवायचा, असा जगभरचा दंडक आहे. म्हणजे पंचेचाळीस अंश हे फक्त हवेचे तापमान झाले. त्याच दिवशी त्याच तालुक्यात उघड्या ट्रॅक्टरवर बसून नांगरट करणाऱ्या माणसाला ती हवा तर सोसावी लागतेच, शिवाय डोक्यावरचे थेट ऊन, तापलेल्या ढेकळांवरून उसळणारी धग आणि इंजिनची उष्णता, हे सगळे एकदम सोसावे लागते. त्याचा आकडा कुठेच छापला जात नाही.

भर दुपारी स्वच्छ आकाश असेल तर जमिनीच्या एका चौरस मीटरवर सूर्य सुमारे हजार वॉट उष्णता ओततो. ट्रॅक्टरचे सीट बसवलेले असते ते गिअर बॉक्स आणि डिफरन्शियलच्या वर, म्हणजे दिवसभर तापत राहणाऱ्या लोखंडाच्या ठोकळ्यावर. समोर इंजिन, त्याच्यापुढे रेडिएटर, आणि रेडिएटरचा पंखा गरम हवा मागे ढकलतो ती थेट चालकाच्या गुडघ्यांवर आणि छातीवर. दोन्ही बाजूंना पत्र्याची मडगार्डे. दुपारी त्यांना उघडा हात लावून पाहावा. ही उष्णता किती असते ते अमेरिकेतल्या थंड राज्यांतल्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक होते. तिथे ‘हीट हाऊझर’ नावाचे कॅनव्हासचे आवरण मिळे. हिवाळ्यात ते इंजिनच्या दोन्ही बाजूंना बांधायचे, म्हणजे इंजिनची ऊब वाया न जाता सीटपर्यंत यायची आणि गोठवणाऱ्या थंडीत माणूस काम करू शकायचा. मिनेसोटाच्या जानेवारीत जी ऊब मुद्दाम ओढून आणावी लागे, ती वर्धा-यवतमाळच्या मे महिन्यात कुणी न मागता अंगावर येते.

यावर सोपा उपाय सांगितला जातो: दुपारी काम करू नका. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा आखला आणि मग अनेक शहरांनी तो कित्ता गिरवला. दुपारच्या वेळी बाहेर पडू नका, पाणी प्या, डोके झाका, हे त्यातले सल्ले योग्यच आहेत आणि त्यांनी जीव वाचवले आहेत. पण ते शहराच्या दिनक्रमावर बेतलेले आहेत. शेतीत उन्हाळी नांगरट करायची असते तीच मुळी उन्हासाठी. खोल नांगरून जमीन उलटली की किडींचे कोष वर येतात, उन्हात तापून मरतात, पक्षी टिपून खातात. तणांची मुळे वाळतात. कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे हाच सल्ला देत आली आहेत आणि तो बरोबर आहे. म्हणजे ज्या कामाचा फायदाच कडक उन्हात आहे, ते काम करणाऱ्याने ऊन टाळावे कसे? त्यात ट्रॅक्टर बहुधा भाड्याचा असतो. एकरावर दर ठरतो, गावात रांग लागलेली असते, वळवाचा पाऊस कधी येईल याचा भरवसा नसतो. मालक एक, चालवणारा दुसरा आणि शेत तिसऱ्याचे, अशा व्यवहारात दुपारची विश्रांती कुणाच्याच हिशेबात बसत नाही.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. उघड्या ट्रॅक्टरवरची सावली ही हौसेची वस्तू नाही, ती ब्रेकसारखा ट्रॅक्टरचा भाग आहे. ती कंपनीकडून आली पाहिजे, अनुदानाच्या यादीत आली पाहिजे, आणि तोवर गावच्या वेल्डिंगच्या दुकानात जे हूड बनते त्याला जुगाड म्हणून हिणवणे थांबले पाहिजे. त्याच वेळी त्या घरगुती हूडमध्ये जे धोके राहून जातात तेही कुणीतरी मोकळेपणी सांगायला हवेत, कारण चुकीचे हूड कधीकधी उन्हापेक्षा घातक ठरते.

सावलीला चैन समजण्याची खोड आपल्याकडचीच आहे असे नाही. अमेरिकेत मिनियापोलिस-मोलाइन या कंपनीने १९३८ साली यूडीएलएक्स नावाचा ट्रॅक्टर आणला. बंद केबिन, काचा, हीटर, रेडिओ. दिवसभर नांगरा आणि संध्याकाळी त्याच ट्रॅक्टरवरून कुटुंबाला गावात घेऊन जा, अशी त्यामागची कल्पना होती. जेमतेम दीडशे ट्रॅक्टर बनले आणि प्रकरण तिथेच संपले. किंमत जास्त होती हे खरे. पण शेतकऱ्याने खुर्चीत आरामात बसून शेत नांगरावे हेच त्या काळाला पटले नाही. त्यानंतर चौतीस वर्षे गेली. १९७२ मध्ये जॉन डिअरने ‘साउंड-गार्ड’ केबिन आणली. तिच्यात आवाज कमी, धूळ कमी, आणि ट्रॅक्टर उलटला तर माणूस चिरडू नये अशी मजबूत चौकट मूळ बांधणीतच घातलेली. ती घ्यायची की नाही हे गिऱ्हाइकावर सोडलेले होते, तरी लोकांनी मोठ्या संख्येने घेतली. चौतीस वर्षांत शेतकरी काही नाजूक झाला नव्हता. केबिनकडे पाहण्याची नजर बदलली होती: ज्याला आराम समजत होते ते कामाचे साधन निघाले. आठ तासांनंतरही ज्याचे लक्ष शाबूत आहे तो नांगराचा तास सरळ काढतो, बांधावर वेळेत वळतो आणि घरी धडपणे पोचतो.

आपल्याकडे दरवर्षी नऊ लाखांच्या आसपास ट्रॅक्टर विकले जातात. संख्येने पाहिले तर जगातली ही सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. वातानुकूलित केबिनचे ट्रॅक्टर आता इथेही मिळतात, पण ते मोठ्या ताकदीचे आणि महाग. गावात जो ट्रॅक्टर दिसतो तो उघडाच. त्यामुळे या लाखो माणसांची सावली आजही गावचा वेल्डर ठरवतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. बाया दिवसभर उन्हात वाकून खुरपतात, कापूस वेचतात, मजूर ऊस तोडतात; त्यांच्या डोक्यावर पदराशिवाय किंवा टॉवेलशिवाय काही नसते. मग बसून काम करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचीच एवढी काळजी कशाला? उत्तर असे की एकाला मिळालेली सावली दुसऱ्याची काढून घेतलेली नसते. खुरपणाऱ्या बाईसोबत सरकणारे छप्पर करणे अवघड आहे. तिच्यासाठी कामाच्या वेळा, बांधावरचे झाड, पाण्याची घागर आणि विश्रांतीची मजुरी हे मार्ग आहेत आणि त्यांसाठी वेगळे भांडायला हवे. ट्रॅक्टरचे तसे नाही. तिथे माणसाची जागा ठरलेली आहे, ती दोन चौरस मीटरहूनही कमी आहे, आणि छप्पर उभे करायला हाताशी लोखंड आहे. जिथे उपाय इतका जवळ आहे तिथेही तो करायचा नाही, याला कारण देता येत नाही.

‘सवय होते’ असेही म्हणतात. होते, खरेच होते. रोज थोडे थोडे ऊन सोसले तर आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर लवकर घाम काढायला शिकते, घामातले मीठ कमी जाते, हृदयावरचा ताण उतरतो. पण त्या सवयीला मर्यादा आहे. घाम गाळायला पाणी लागते आणि कडक उन्हात राबणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. तेवढे पाणी ट्रॅक्टरवर कोण ठेवतो? डोळ्यांना तर सवय होतच नाही. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरातल्या कोळ्यांचा अभ्यास करून १९८८ मध्ये डॉक्टरांनी दाखवून दिले की आयुष्यभर अतिनील किरण जास्त झेललेल्यांना मोतीबिंदूचा एक प्रकार जास्त होतो, आणि कडा असलेल्या टोपीसारख्या साध्या गोष्टीनेही डोळ्यांवर पडणारे ऊन कमी होते. पाण्यावर राबणाऱ्या कोळ्याला जे लागू आहे ते उघड्या रानात राबणाऱ्या चालकालाही लागू आहे.

सावलीने नेमके काय होते हेही समजून घ्यायला हवे, म्हणजे तिच्याकडून भलती अपेक्षा ठेवली जाणार नाही. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षण तळांवर उन्हाने जवान कोसळू लागले तेव्हा १९५० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी उष्णतेचा ताण मोजण्याची एक रीत बसवली. ती आजही जगभर वापरतात. तीत उघड्यावर तीन तापमापक लागतात: ओले फडके गुंडाळलेला, काळ्या पोकळ गोळ्यातला आणि साधा. दहापैकी सात भाग वजन ओल्याला, दोन भाग काळ्या गोळ्याला आणि एकच भाग साध्या हवेच्या तापमानाला. म्हणजे ज्या आकड्याची बातमी होते त्याचे वजन सगळ्यांत कमी. सावली धरली की काळ्या गोळ्याचा पारा झरकन उतरतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात, जिथे घाम लगेच वाळतो, तिथे हा फरक मोठा असतो. कोकणात चिखलणीच्या वेळी, दमट हवेत, सावलीचा फायदा त्या मानाने कमी. तिथे विश्रांती आणि वारा जास्त कामाचे. सावली हवा थंड करत नाही, ती माणसाला फक्त सूर्याच्या नजरेआड करते.

आता हूडकडे वळतो. गावोगाव दिसणारे सर्वांत साधे हूड म्हणजे दोन्ही मडगार्डांवर उभे केलेले चौकोनी पाइप आणि वर एक पत्रा. एकेरी पत्रा ही यातली सर्वांत मोठी चूक. उन्हात पत्रा इतका तापतो की थोड्या वेळाने तोच खाली धग फेकू लागतो. डोक्यावर ऊन नसते, पण तापलेला तवा असतो. त्यावरचा उपाय स्वस्त आहे. छप्पर दुहेरी करायचे: वर पांढरा रंग दिलेला पत्रा किंवा पांढरी ताडपत्री, मध्ये तीन-चार बोटांची मोकळी जागा, खाली प्लायवूड, रेक्झिन किंवा जाड कापड. मधली जागा पुढून आणि मागून उघडी ठेवायची, म्हणजे वरचा थर तापला तरी वारा ती उष्णता घेऊन जातो आणि खालचा थर हाताला कोमट लागतो. सैन्याच्या जुन्या तंबूंना दुहेरी कापड असे ते याच कारणाने. काळे किंवा गर्द रंगाचे रेक्झिन मळ दाखवत नाही म्हणून लोक पसंत करतात. वरच्या बाजूला तरी ते नको. एकेरी पत्र्याचा आणखी एक उपद्रव आहे, तो आवाजाचा. इंजिनचा आवाज वर जाऊन पत्र्यावर आदळतो आणि कानात परत येतो, पत्रा स्वतःही थरथरतो. खालून कापडाचा थर असला तर हाही त्रास घटतो.

हूड किती मोठे असावे, याचे उत्तर आकाशात आहे. नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळांतली मुले तो अनुभवतात. त्या दुपारी बाराच्या सुमारास टोपीएवढे छप्परही पुरते. पण तीन वाजता सूर्य पश्चिमेला क्षितिजापासून सुमारे अठ्ठेचाळीस अंशांवर आलेला असतो. तेव्हा छप्पर खांद्यांपासून एक मीटर उंच असेल तर त्याची सावली जवळजवळ एक मीटर पूर्वेला सरकते. म्हणजे छप्पर डोक्यावर आहे, सावली शेजारच्या मडगार्डावर पडली आहे आणि माणूस उन्हातच आहे. हवा दिवसातली सर्वांत तापलेली असते तीही याच सुमारास. नुसते छप्पर मोठे करून हे सुटत नाही, कारण मग ते बांधावरच्या बाभळीत अडकते. बाजूला पडदा लागतो. आणि ट्रॅक्टर तर नांगराच्या प्रत्येक तासाच्या शेवटी वळतो, उजवी बाजू डावी होते. म्हणून दोन्ही बाजूंना गुंडाळून वर बांधता येणारे, हिरव्या शेडनेटचे, खांद्यापर्यंतच येणारे पडदे सर्वांत बरे. शेडनेटमधून वारा येतो, थोडेफार दिसतेही. ताडपत्रीचे पडदे लावले की वारा कोंडतो आणि मागचा नांगर दिसेनासा होतो. रस्त्यावर ट्रॉली घेऊन निघताना हे पडदे गुंडाळलेच पाहिजेत. कडेने येणारी मोटारसायकल दिसली नाही तर सावली कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

बसवण्याची जागाही महत्त्वाची. मडगार्डाचा पत्रा पातळ असतो. त्याला भोक पाडून पाइप कसला की खडबडीत रानात हूड डोलते आणि काही महिन्यांत बोल्टाभोवती पत्रा फाटू लागतो. खालून लोखंडी पट्टी देऊन भार पसरवावा, किंवा चांगला कारागीर असेल तर मागच्या अ‍ॅक्सलच्या आवरणाला यू-बोल्टने कसलेल्या पायावर खांब उभे करावेत. पुढची कड गोल हवी, कारण झाडाच्या फांद्या तिच्यावरून सरकून गेल्या पाहिजेत. आणि उंची ठरवताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा तपासावी: रानातल्या विजेच्या तारा. आपल्याकडे खांब वाकलेले असतात, तारा लोंबकळत असतात. उघडा ट्रॅक्टर ज्या तारेखालून वर्षानुवर्षे गेला, तिला लोखंडी हूड लागू शकते. हूड बसवण्याआधी आपल्या वहिवाटीच्या सगळ्या वाटा एकदा पायी फिरून तारांची उंची पाहावी, आणि लोंबकळणाऱ्या तारांबद्दल वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी.

यापेक्षाही गंभीर गोष्ट वेगळी आहे. घरगुती हूड सावली देते, संरक्षण देत नाही. ट्रॅक्टर मागच्या बाजूला उलटतो तेव्हा सगळे दीडेक सेकंदात संपते. क्लचवर पाय जाईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. त्यासाठी जी चौकट लागते ती ठरावीक पोलादाची, ठरावीक कसोट्यांतून उतरलेली, अ‍ॅक्सलला पक्की बसवलेली असते आणि तिच्यासोबत सीटबेल्ट बांधायचा असतो. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांवर ती सक्तीची केली आणि पुढच्या काही दशकांत ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथे जवळजवळ थांबले. अमेरिकेत १९७६ पासून नोकराला चालवायला दिलेल्या ट्रॅक्टरसाठी ती बंधनकारक आहे. भारतात बनून त्या देशांत जाणाऱ्या ट्रॅक्टरवर ही चौकट असते. त्याच कारखान्यातून आपल्या गावात येणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरवर नसते. ही तफावत मला अन्यायाची वाटते. एक इंची पाइपांच्या हूडखाली बसून माणसाला वाटते की आपण चौकटीत आहोत. ते पाइप अडीच टनांच्या ट्रॅक्टरखाली काडीसारखे मोडतील. ज्यांच्या ट्रॅक्टरवर खरी चौकट आहे त्यांनी तिला भोके पाडू नयेत, वेल्डिंग करू नये. हूड तिच्यावर क्लॅम्पने बसवावे. आणि जिथे फक्त घरचे हूड आहे तिथे बेल्ट बांधू नये.

माशा-किड्यांचा प्रश्न उन्हासारखा दिसतो, पण सोडवायचा वेगळ्या पद्धतीने. बरेच जण हूडलाच चारी बाजूंनी मच्छरदाणी लावायचा विचार करतात. माझे मत त्याविरुद्ध आहे. ऊन अडवायचे ते जागेवर, किडा अडवायचा तो माणसाच्या अंगावर. आग्यामोहोळ उठले तर ट्रॅक्टरवर बसून राहणे शक्य नसते. या माश्या आवाजाने, धुराने, धक्क्याने खवळतात. एकीने डंख मारला की तिच्या डंखातून सुटणारा वास इतरांना तिथेच बोलावतो. अशा वेळी चहूबाजूंनी बांधलेल्या जाळीत अडकलेला माणूस चालू ट्रॅक्टरवरून घाईत उडी मारतो, आणि माश्यांनी जे केले नसते ते मागचे चाक करते. त्यापेक्षा रुंद काठाच्या टोपीला शिवलेली, गळ्याशी नाडीने आवळता येणारी जाळी सीटखालच्या पेटीत कायम ठेवावी. ती माणसाबरोबर खाली उतरते. जाळी तोंडासमोर काळीच हवी; पांढऱ्या जाळीवर ऊन चमकते आणि पलीकडचे दिसत नाही, म्हणून मधपाळांच्या जाळ्याही समोरून काळ्या असतात. माश्या उठल्याच तर आधी ट्रॅक्टर थांबवायचा, गिअर काढायचा, ब्रेक लावायचा, मगच तोंड झाकून दूर पळायचे. विहिरीत किंवा पाण्यात उडी मारायची नाही; माश्या वर घिरट्या घालत वाट पाहतात.

हूड स्वतःच कीटकांना घर देते. उघड्या तोंडाचे चौकोनी पाइप म्हणजे गांधीलमाशीला आयतीच जागा. ट्रॅक्टर दोन-तीन आठवडे शेडमध्ये उभा राहिला की पाइपाच्या तोंडाशी किंवा छपराच्या आतल्या कोपऱ्यात कागदासारखे करड्या रंगाचे पोळे लटकू लागते. कुंभारीण माशी बोल्टाच्या भोकांत माती लिंपून ठेवते. मग एका सकाळी इंजिन सुरू होते, पाइप थरथरतो आणि माश्या चालकाच्या कपाळापासून वीतभर अंतरावर बाहेर पडतात. पाइपांची सगळी तोंडे प्लास्टिकच्या बुचांनी किंवा वेल्ड करून बंद करणे हा दहा मिनिटांचा उद्योग आहे. पाऊसकाळात ट्रॅक्टर काढण्याआधी दुहेरी छपराच्या मधल्या जागेतही डोकावून पाहावे.

रात्रीच्या कामात किडे दिव्याकडे येतात. हल्ली हूडच्या पुढच्या कडेला पांढऱ्याशुभ्र एलईडीची पट्टी लावायची पद्धत पडली आहे. ती चालकाच्या डोक्यावर असते, म्हणून सगळे किडे त्याच्या डोक्यावरच जमतात. बहुतेक कीटकांना निळा आणि अतिनील प्रकाश जास्त खेचतो, पिवळसर कमी. तेव्हा दिवे पिवळसर घ्यावेत आणि बोनेटच्या पुढे किंवा मडगार्डाच्या बाहेर खाली लावावेत. पावसाळ्यात या गर्दीत पीडेरस नावाचा, मुंगीसारखा दिसणारा, नारिंगी-काळा किडा असतो. तो चावत नाही. पण मानेवर चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या रसाने दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा चट्टा उठतो. त्याला झटकायचे, चिरडायचे नाही, एवढे ठाऊक असले तरी आठवडाभराची आग टळते.

फवारणीच्या वेळी मात्र हूड आणि पडदे दोन्हींविषयी वेगळा विचार करायला हवा. नाशिकच्या द्राक्षबागांत छोटे ट्रॅक्टर ब्लोअर लावून ओळींमधून फिरतात. मांडवाखाली हूड जातच नाही, आणि जिथे जाते तिथे औषधाचे तुषार पडद्यांत मुरतात. ते कापड नंतर उन्हात तापते आणि चालकाच्या खांद्याला दिवसभर घासत राहते. २०१७ च्या हंगामात यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त माणसे विषबाधेने दगावली. ती बहुतेक पाठीवरचा पंप घेऊन फवारत होती. पण उडणारे औषध अंगावर बसू देऊ नये हा त्यातला धडा ट्रॅक्टरवाल्यालाही तेवढाच लागू आहे. युरोपात फवारणीच्या ट्रॅक्टरच्या केबिनचे चार वर्ग ठरवलेले आहेत आणि धूळ, तुषार आणि वाफ या तिन्हींपासून वाचवणारी केबिन फक्त चौथ्या वर्गात येते. घरी शिवलेला पडदा यांपैकी कशातच बसत नाही. फवारणीला निघताना कापडी पडदे काढून ठेवावेत आणि मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे यांवरच भिस्त ठेवावी.

आता सरकारकडे. मळणी यंत्रात हात जाऊ लागले तेव्हा देशाने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा केला. तुटलेला हात सगळ्यांना दिसत होता. उन्हाने थकलेल्या, लक्ष उडालेल्या चालकाने वळणावर ट्रॅक्टर खड्ड्यात घातला तर नोंद होते ती ‘अपघात’ एवढीच. त्यामागचे ऊन कुठल्याच कागदावर येत नाही. म्हणून त्याच्यासाठी कायदा होत नाही, मानक होत नाही. उलट मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन आहे, त्यामुळे स्वखर्चाने सावली करणारा शेतकरीच कुणी अडवले तर उत्तर काय द्यायचे या चिंतेत असतो. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था १९५५ पासून काम करते आहे. ट्रॅक्टरची ओढण्याची ताकद, डिझेलचा खप, ब्रेक, आवाज हे सगळे तिथे मोजले जाते. कमी खर्चाच्या, गावात बनवता येईल अशा हूडचे दोन-तीन नमुने तिने तपासून त्यांचे नकाशे मराठी-हिंदीत खुले करावेत. त्या नकाशाबरहुकूम बनलेल्या हूडला परिवहन खात्याने मान्यता द्यावी. ट्रॅक्टरला लाख-सव्वा लाखापर्यंत अनुदान मिळते. त्याच अर्जात सावली आणि उलटण्यापासून वाचवणारी चौकट हे दोन रकाने घातले तर सरकारी तिजोरीवर फारसा भार पडणार नाही, आणि कंपन्यांनाही दोन्ही गोष्टी मूळ ट्रॅक्टरसोबत देणे भाग पडेल. आपल्या कृषी विद्यापीठांत अवजारांचे विभाग आहेत. त्यांनी एका उन्हाळ्यात काळ्या गोळ्याचा तापमापक घेऊन सीटवरची उष्णता हूडसह आणि हूडशिवाय मोजून प्रसिद्ध करावी. त्या आकड्यांसमोर चैनीचा मुद्दा कुणी काढणार नाही.

हे सगळे होईल तेव्हा होईल. ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे आणि तो दुसरा कुणी चालवतो, त्यांना माझी विनंती आहे. येत्या एप्रिलची नांगरट सुरू होण्याआधी एकदा दुपारी तीन वाजता स्वतः त्या सीटवर बसा, ऊन कुठून येते ते पाहा, आणि वेल्डरकडे चालकाला सोबत घेऊन जा. मापे त्याला ठाऊक आहेत.